आपण जिंकलों आणि आम्ही जिंकलों

सन १९८३ हें वर्ष खेळाच्या आणि गाण्याच्या इतिहासांत एका चमत्कारिक योगायोगामुळें लक्षांत ठेवण्याजोगें झालें आहे. त्या वर्षाच्या मे महिन्यांत रोम शहराच्या फुटबॉल संघानें इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. हें पद त्या संघाला पूर्वीं एकदांच, १९४२ सालीं, मिळालें होतें. मधलीं एकेचाळीस वर्षें कोरडीं गेलीं होतीं. विजयाचा उत्सव करण्यासाठीं आंतोनेल्लो वेन्दित्ती नांवाचा, त्याच शहरांत जन्मलेला गायक-कवि 'चिर्को मास्सिमो' ह्या प्राचीन मैदानांत गायला. जेथें एके काळीं रोमन लोक रथांच्या शर्यती पाहात, तेथें त्यांचे वंशज आपल्या फुटबॉलपटूंचीं गाणीं ऐकावयास जमले. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका त्याच सालीं मैदानाचेंच नांव घेऊन निघाली. पुढें २००१ सालीं तोच संघ पुन्हां अजिंक्य ठरला, तेव्हां तोच गायक त्याच मैदानांत लक्षावधि श्रोत्यांपुढें उभा राहिला, आणि दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली.

त्याच १९८३ च्या २५ जून रोजीं लंडनला लॉर्ड्सच्या मैदानावर कपिल देव ह्यांच्या संघानें, स्वतः १८३ धावांत बाद होऊनही, वेस्ट इंडिजला १४० धावांत गुंडाळलें आणि क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आणि ऑगस्टांत दिल्लींत त्या संघासाठीं लता मंगेशकर गायल्या. इंदीवर ह्यांनीं लिहिलेलें आणि हृदयनाथ मंगेशकर ह्यांनीं चाल दिलेलें 'भारत विश्वविजेता' हें गाणें तेथें झालें, आणि खेळाडूंनींही व्यासपीठावर उभें राहून त्यांत आपापला सूर, जमला तसा, मिळविला.

आतां रोमच्या गायकानें चेंडूला पाय लावला नव्हता, दिल्लीच्या गायिकेनें बॅट हातीं धरली नव्हती. आणि समोर बसलेल्या हजारों लोकांनीं तर ह्यांतलें कांहींच केलें नव्हतें. मग 'जिंकणें' हें क्रियापद प्रथमपुरुषीं चालविण्याचा अधिकार ह्या सर्वांना कोणीं दिला? दुसऱ्याच्या विजयानें आपणांस जो आनंद होतो तो आपला म्हणावा कीं उसना?

प्रश्न क्षुल्लक आहे, खेळ तो खेळ, त्यावर तत्त्वज्ञानाची जड पोथी कशाला सोडावयाची, असें एखादा वाचक म्हणेल. त्याला मी एकच गोष्ट सांगतों. २०२५ च्या ३ जूनला बंगलोरच्या व्यावसायिक क्रिकेट संघानें अठरा हंगामांच्या प्रतीक्षेनंतर प्रथमच आय्. पी. एल्. चें विजेतेपद मिळविलें. दुसऱ्या दिवशीं त्या शहरांत सत्कारासाठीं जी गर्दी लोटली तींत मैदानाच्या बाहेर अकरा माणसें चेंगरून मेलीं. त्यांतलें कोणीही मैदानावर खेळलें नव्हतें. ज्या आनंदापायीं माणसें घरीं परत येत नाहींत, त्याची मालकी कोणाची, हें विचारणें मला तरी क्षुल्लक वाटत नाहीं.

कठोर नीतिवाद्याचें उत्तर तयार आहे. तो म्हणेल, हा आनंद उसना आहे, आणि उसन्यापेक्षांही वाईट म्हणजे नशेचा आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं ज्युव्हेनल ह्या रोमन कवीनें आपल्या नगरबंधूंवर हाच आरोप केला होता कीं, एके काळीं राज्याचे अधिकार वाटणारे हे लोक आतां भाकरी आणि शर्यती ह्यांवाचून कांहीं मागत नाहींत. ज्या शर्यतींविषयीं तो बोलत होता त्या चिर्को मास्सिमोंतच होत. पुढें पूर्वेकडील कॉन्स्टॅंटिनोपलमध्यें रथशर्यतींच्या निळ्या आणि हिरव्या पक्षांनीं इ. स. ५३२ त जो दंगा केला तो मोडतांना हजारों माणसें कापलीं गेलीं. आपल्याकडे गीतेनें जय आणि अजय सारखे मानावयास सांगितलें आहे. पण तें सांगणें लढणाऱ्यास होतें. सारख्याच निष्ठेनें दोन्ही बाजू पाहणाऱ्या धृतराष्ट्राच्या सारथ्यास तें सांगावयाची गरजच पडली नाहीं.

नीतिवाद्याचा राग मला समजतो, पण त्याचा हिशेब पटत नाहीं. विजय ज्यानें मिळविला त्याचाच, हें त्याचें सूत्र. ठीक, मग १९८३ चा विश्वचषक कोणीं मिळविला? अकरा जणांनीं, असें म्हणावें तर संघ चौदांचा होता. दिलीप वेंगसरकर आणि रवि शास्त्री हे अंतिम सामन्यांत नव्हते. सुनील वॉल्सन तर साऱ्या स्पर्धेंत एकही सामना खेळले नाहींत. तरी त्यांना विश्वविजेते म्हणावयास कोणाची जीभ अडखळत नाहीं, आणि अडखळूं नये. ते का विजेते? तर ते तयार होते, तेथें होते, हारजितीची धाकधूक त्यांनीं भोगली. पण एकदां ही कसोटी मान्य केली कीं दार उघडतें. तयार असणें, जवळ असणें, धाकधूक भोगणें ह्यांत कमीजास्तपणा असूं शकतो. त्यांत एक ठाम रेघ कोठें मारावयाची? व्यवस्थापकाच्या पुढें? घरच्या माणसांच्या पुढें? जूनची अखेर म्हणजे खानदेशांत कपाशीच्या पेरणीचे दिवस. माणसांचे डोळे आभाळाकडे लागलेले. तरी त्या रात्रीं धुळ्याच्या आमच्या गल्लींत एका रेडिओभोंवतीं पंधरावीस माणसें कान देऊन बसलीं होतीं. मी शाळकरी वयाचा होतों. शेवटचा गडी पायचीत झाला तेव्हां जीं माणसें उठून नाचलीं, त्यांतल्या निम्म्यांना पायचीत म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं धाकधूक मात्र खरीच भोगली होती. आनंदाचें कारण दूर होतें, म्हणून आनंद खोटा ठरत नाहीं.

तेव्हां विजयांत भाग मागण्याचा हक्क सरसकट नाकारतां येत नाहीं. हक्काची किंमत मात्र विचारतां येते, आणि ती बहुधा कोणी देत नाहीं. आपल्या बोलण्याकडे जरा लक्ष द्यावें. संघ जिंकला म्हणजे 'आपण जिंकलों'. हरला म्हणजे 'ते हरले'. एका रात्रींत पुरुष बदलतो. जो भागीदार नफ्याच्या वेळीं दुकानांत येऊन बसतो आणि तोट्याच्या वेळीं दुकानाची पाटी वाचावयासही थांबत नाहीं, त्याला जळगांवच्या बाजारांत काय म्हणतात तें मी येथें लिहीत नाहीं.

ह्या विषयाचा फार सूक्ष्म विचार आमच्याच खानदेशांत राहून गेलेल्या एका तत्त्वज्ञानें केलेला आहे, आणि त्याची आठवण येथें द्यावीशी वाटते. अमळनेरचें तत्त्वज्ञानमंदिर १९१६ सालीं स्थापन झालें. प्रताप शेठजींच्या उदारपणामुळें एका लहान तालुक्याच्या गांवीं देशांतले नामांकित विचारवंत येऊन राहात. त्यांत १९३० नंतरच्या दशकांत कांहीं काळ कृष्णचंद्र भट्टाचार्य हे संचालक होते. रसाच्या कल्पनेवर त्यांचा एक छोटा पण फार घट्ट विणीचा निबंध आहे. त्यांतलें उदाहरण इतकें साधें आहे कीं तें एका मोठ्या तत्त्वज्ञाचें आहे हें प्रथम ध्यानांतही येत नाहीं. एक मूल खेळण्याशीं खेळत आहे. त्याचे आजोबा त्याच्याकडे कौतुकानें पाहात आहेत. आणि कोणी तिसरा ह्या पाहणाऱ्या आजोबांकडे पाहात आहे. मुलाचा आनंद खेळण्यांत गुंतलेला आहे. आजोबांना खेळण्याचें कांहींच नाहीं, त्यांचा आनंद मुलाच्या आनंदांत आहे. तो अधिक मोकळा आहे, पण नातू आपला म्हणून अजून बांधलेला आहे. तिसऱ्याचा आनंद सर्वांत मोकळा. त्याला मूल आपलें नाहीं, आजोबा आपले नाहींत, आणि तरी त्याचें अंतःकरण भरून येतें. रसाचा प्रांत ह्या तिसऱ्या जागीं सुरू होतो.

हें उदाहरण खेळाला लावून पाहावें. खेळाडू म्हणजे मूल. चषक हें त्याचें खेळणें. प्रेक्षकानें आजोबा व्हावें, अशी अपेक्षा. पण बहुतेक वेळां तो होतो काय? तो मुलाच्या हातांतलें खेळणें हिसकावून घेतो आणि माझें, माझें म्हणून गल्लीभर ओरडत सुटतो. मूल हरलें तर त्याच्या पाठींत धपाटा घालावयासही तोच पुढें असतो. पतंजलीनें मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ह्या चार वृत्ति सांगितल्या. त्यांतली मुदिता म्हणजे दुसऱ्याचें पुण्य पाहून होणारा हर्ष. मुदितेला दुसरा दुसराच राहावा लागतो. ज्या क्षणीं त्याचा विजय मी माझ्या खात्यावर ओढून घेतों त्या क्षणीं मुदिता संपते आणि फुशारकी उरते. तेव्हां आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें माझें उत्तर थोडें उलटें आहे. आनंद आपला म्हणावा. विजय आपला म्हणूं नये.

गाणारा कोठल्या जागीं उभा असतो? तो तिसऱ्या जागीं उभा राहूं शकतो, हेंच त्याचें सामर्थ्य. दिल्लीच्या मैफलीची हकीकत ह्या दृष्टीनें फार बोलकी आहे. क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन्. के. पी. साळवे होते. विजेत्यांना कांहीं मोठें पारितोषिक द्यावें अशी इच्छा, पण मंडळाच्या तिजोरींत तेवढा पैसा नाहीं. राजसिंग डुंगरपूर ह्यांच्या सांगण्यावरून लताबाईंनीं मैफल केली, स्वतः बिदागी घेतली नाहीं, आणि जमलेल्या सुमारें वीस लाखांतून चौदाही खेळाडूंना प्रत्येकीं एक लाख रुपये मिळाले. न खेळलेल्या वॉल्सन ह्यांनाही तेवढेच. २०२४ सालीं वीस षटकांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला त्याच मंडळानें सव्वाशें कोटी रुपये जाहीर केले. मंडळ श्रीमंत झालें ह्याचें मला वाईट वाटत नाहीं. पण आतां त्याला कोणाच्या गाण्याची गरज उरली नाहीं, हेंही खरें.

आपल्या परंपरेंत हा व्यवहार नेहमीं उलट्या दिशेनें झालेला आहे. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदास शाहिराला शिवरायांच्या दरबारांतून घोडा आणि सोनें मिळालें, असें परंपरा सांगते. ग्रीसमध्यें पिंडार हा कवि ऑलिंपियाच्या विजेत्यांवर स्तोत्रें रची आणि त्याबद्दल द्रव्य घेई. जिंकणाऱ्यानें द्यावें आणि गाणाऱ्यानें घ्यावें, हा जगाचा रिवाज. १९८३ सालीं गाणाऱ्या बाईनें दिलें आणि जिंकणाऱ्यांनीं घेतलें. ज्या शाहिराला देणगी मिळावयाची नाहीं त्याला खोटी स्तुति करण्याचें कारण नाहीं, आणि विजय आपल्या नांवावर मांडण्याचा मोहही थोडा कमी. तो नुसता आनंद करूं शकतो. खानदेशच्या वाचकांना हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो कीं ह्या बाईंचें आजोळ आमचें: त्यांच्या मातोश्री तापीकांठच्या थाळनेरच्या, लाड घराण्यांतल्या. (अभिमान वाटतो हें लिहिलें, आणि लगेच लक्षांत आलें कीं वर ज्याच्यावर टीका केली तेंच हें. आजोळ त्यांचें, मी फक्त त्याच जिल्ह्यांत राहतों!)

विजयाच्या मालकीविषयीं केनोपनिषदांत एक गोष्ट आहे, ती अशा प्रसंगीं मला नेहमीं आठवते. असुरांवर देवांचा जय झाला, तो वास्तविक ब्रह्माच्या सामर्थ्यानें. देव मात्र फुगले आणि जय व महिमा दोन्ही आपल्याच नांवावर मांडूं लागले. तेव्हां त्यांच्यापुढें एक यक्ष प्रकट झाला. त्यानें अग्नीपुढें गवताची एक काडी ठेवली. अग्नीला ती जाळतां येईना. वायूपुढें ठेवली, त्याला ती हलवितां येईना. इंद्र जवळ गेला तों यक्ष नाहींसा झाला, आणि हैमवती उमेनें त्याला सांगितलें कीं तो ब्रह्म होता. ह्या कथेचा अर्थ आध्यात्मिक आहे हें मला मान्य आहे. पण ती जिंकणाऱ्याच्या मालकीलाही हात घालते, हें ध्यानांत घ्यावें. एकही धाव न काढणाऱ्या माझा विजयावर हक्क नाहीं, हें तर सोपें. पण ज्यानें धावा काढल्या त्याचा तरी तो संपूर्ण आहे काय? वाऱ्याची दिशा, प्रतिपक्षाची एक चूक, लहानपणीं ज्यानें तासन् तास चेंडू टाकले तो अनाम सोबती, ह्या साऱ्यांना वगळून त्याचा असा किती उरतो? काडी जागची हलत नाहीं.

संस्कृतांत, आणि इंग्रजी व इटालियन ह्या भाषांतही, उत्तम पुरुषाचें अनेकवचन एकच आहे. मराठीला मात्र दोन सर्वनामें लाभलीं आहेत. 'आम्ही' म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो; 'आपण' म्हणतांना तो आंत येतो. उपनिषदांतल्या देवांच्या तोंडचें सर्वनाम मराठींत आणावयाचें तर 'आम्ही'च आणावें लागेल, 'आपण' तेथें बसणारच नाहीं. माझ्या मतें खेळाच्या आनंदाची सारी नीति ह्या दोन शब्दांच्या मधल्या फटींत आहे. श्रावणांत नागपंचमीनंतरच्या रविवारीं खानदेशांत कानबाई बसते. पुष्कळ घरांतून रोटांचा प्रसाद भाऊबंदांपुरताच ठेवतात. कुळाबाहेरच्याला तो देत नाहींत. तो 'आम्ही'चा भाग. पण कानबाईला निरोप द्यावयास मिरवणूक निघाली कीं वाजंत्र्यापुढें कोण कोणत्या कुळाचा हें कोणी विचारीत नाहीं. दोन्ही खरें, दोन्ही हवें; घोटाळा होतो तो मिरवणुकींतही रोटाचा नियम लावूं गेल्यावर. रोममध्यें लात्सिओ नांवाचा दुसराही संघ आहे, रोमा संघाहून वयानें मोठा, आणि २००० सालचें अजिंक्यपद त्याचें होतें. पुढच्या वर्षीं चिर्को मास्सिमोंत जें गाणें झालें तें साऱ्या शहराचें म्हणून झालें. अर्धवट का होईना, शहराचा एक भाग त्या रात्रीं दारें लावून घरांत बसला असेल. हॉब्ज हा इंग्रज तत्त्वज्ञ हसण्याची उपपत्ति सांगतांना म्हणतो कीं, दुसऱ्याच्या उणेपणाशीं ताडून पाहतां स्वतःच्या मोठेपणाची एकाएकीं जी जाणीव होते तिचेंच हसें होतें. सर्वच हसण्याला हें लागू करणें अन्यायाचें. पण विजयाच्या मिरवणुकींतलें बरेंचसें हसें ह्याच जातीचें असतें. जत्रेंतला चांगला पैलवान चीत केलेल्या गड्याला आधीं हात देऊन उठवतो, मग फेटा बांधून आखाड्याला फेरी घालतो. हलगी दोघांसाठींही वाजलेली असते.

हरलेल्याचें काय, हा प्रश्न खेळांत हलका असतो. खेळाची थोरवीच ती. तो जड असतो तेव्हां कसा दिसतो तें पाहावयाचें तर पुन्हां थाळनेरलाच जावें. १८१८ च्या फेब्रुवारीच्या २७ तारखेस जनरल हिस्लॉपची फौज तेथील किल्ल्यापुढें आली. होळकरांशीं झालेल्या तहानें खानदेश इंग्रजांकडे गेला होता. किल्लेदार बाहेर येऊन त्यांच्या स्वाधीन झाला, पण आंतल्या दरवाज्यापाशीं झटापट झाली, कांहीं गोरे अधिकारी पडले, आणि मग शिबंदीची सरसकट कत्तल होऊन त्याच दिवशीं किल्लेदाराला फांशी देण्यांत आलें. विलायतेंत विजयी सेनेचे आभार मानण्याचा प्रसंग आला तेव्हां थाळनेरच्या ह्या कृत्यावर पार्लमेंटांत प्रश्न झाले. आभाराच्या ठरावांतही घास अडकावा, असे विजय असतात. तापीच्या कांठीं आज त्या किल्ल्याचे पडके बुरूज आहेत. त्यांवर मीं तरी कोणाचा पोवाडा ऐकलेला नाहीं.

आतां ध्वनिमुद्रिकेविषयीं थोडें. मैफलीची मुद्रिका म्हणजे केवळ गाण्याची नव्हे. तींत टाळ्या, आरोळ्या, मध्येंच हजारों कंठांनीं उचललेला एखादा चरण, हें सारें मुद्रित झालेलें असतें. शुद्ध संगीताच्या भक्ताला तो कचरा वाटतो. मला मात्र तींच अशा मुद्रिकेंतलीं खरीं अक्षरें वाटतात, कारण गायक तिसऱ्या जागेवरून ज्याच्याकडे पाहात होता तो आजोबा त्या आवाजांत आहे. पण त्यांत एक अडचणही आहे. आनंदाचें आयुष्य एका रात्रीचें असतें. मुद्रिका तो वर्षानुवर्षें तसाच पुन्हां वाजविते. आणि जग तर थांबत नाहीं. त्याच १९८३ च्या हिवाळ्यांत वेस्ट इंडिजचा संघ हिंदुस्थानांत आला आणि एक दिवसाचे पांचही सामने जिंकून गेला. कसोटी सामन्यांतही त्यानें ३ विरुद्ध ० असा पाडाव केला. रोमा संघानें १९८४ च्या ३० मे रोजीं स्वतःच्याच शहरांत युरोपीय चषकाचा अंतिम सामना लिव्हरपूलशीं पेनल्टींवर गमावला. त्या दिवसांची मैफल झाली नाहीं, मुद्रिकाही निघाली नाहीं.

वेन्दित्तीचीं दोन गाणीं रोमच्या मैदानावर लावलीं जातात. एक १९८३ च्या विजयानंतरचें, शहराला धन्यवाद देणारें. तें संघ जिंकला तरच, सामना संपल्यावर लागतें. दुसरें त्याच्याही आधींचें. तें सामना सुरू होण्यापूर्वीं लागतें, आणि सारें मैदान गळपट्टे उंचावून तें म्हणतें, निकाल काय लागणार आहे हें कोणालाच ठाऊक नसतांना. दोहोंत मला दुसरें अधिक आवडतें. इटालियन मला येत नाहीं. पण पहिल्या गाण्यांत 'आम्ही' केव्हां शिरेल ह्याचा नेम नाहीं, आणि दुसरें म्हणतांना प्रतिपक्षाचे लोकही तिकडच्या कोपऱ्यांत आपलें गाणें म्हणत उभे असतात, त्यांचीही छाती तेवढीच धडधडत असते.